लॅमिनेट केलेली पावती

नायगावच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एक आत्या आणि तिची भाची मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या होत्या.

“आत्या, चाळीच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घराचे कागद भरायची आज शेवटची तारीख आहे. दे, मी अपलोड करते.”

“नको. माझं काय चुकलं ते सांग.”

“लॅमिनेशनवर फ्लॅश चमकलाय. भाडेपावतीवरचं नाव दिसतच नाही.”

“मग फ्लॅश बंद करून फोटो काढते. हा बघ.”

“आता फाइल मोठी झाली. साइट घेणार नाही.”

“कडा कापू?”

“कापू नको, साइझ कमी कर. इथे दाब.”

“दाबलं. गोल फिरतंय.”

“अगं, बस आली!”

“जाऊ दे. हिरवी खूण येऊ दे.”

“आली! चल आता.”

“थांब. पिशवीत आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या आणखी नऊ पावत्या आहेत. त्यांचं लॅमिनेशन मीच करून आणलं होतं.”