नातीच्या केकची चाळणी

सकाळी साडेनऊला तपासणीसाठी रक्त देऊन नात बाहेर आली आणि आजोबांनी तिच्यापुढे डबा उघडला. बाकावरच्या शेजारीणबाई डोकावल्या.

"केक? हिला गहू चालत नाही म्हणालात ना मघाशी?"

"तांदळाच्या पिठाचा आहे. मीच केलाय."

"तुम्ही?"

"चाळीस वर्षं वेल्डिंग केलं, ताई. आच कळते मला."

"आजोबा, पहिल्या केकची वीट झाली होती, ते सांग ना!"

"गप गं! खरी चूक वेगळीच होती. पीठ बदललं, पण चाळणी गव्हाच्या पिठाचीच राहिली. पोरीचं पोट पुन्हा दुखलं."

"अगबाई! मग?"

"नवी आणली. हिची आजीसुद्धा त्या चाळणीला हात लावत नाही."

"आजोबाच लावू देत नाही!" नात म्हणाली.

"आणि पोट?"

"दोन महिने कुरकुर नाही. आता रक्त काय म्हणतं ते बघू."

रिपोर्ट संध्याकाळी पाचला मिळणार होता. साडेदहालाही आजोबा रिपोर्टच्या खिडकीसमोरच्या बाकावरच होते.