दर्याचा एक तास

(डहाणू, १९६१. सावे मास्तरांच्या घराची ओटी. मास्तर सकाळच्याच गाडीने मुंबईहून परतले आहेत.)

पुतळी: चहा नको, मास्तर. आधी ते गानं म्हना.

मास्तर: अहो पुतळीबाई, टोपली तरी उतरवा! आणि मी काय गाणार? नाटकाच्या तालमीत मी सूर लावला की मुलं कानात बोटं घालायची. तंबूत जाऊन पाहिलात ना सिनेमा? आपल्या शाळेतलं नाटक, पडद्यावर! मुंबईत त्या गाण्याला शिट्ट्या पडतात.

पुतळी: पायला. म्हना तुमी.

मास्तर: बरं बाई. "तिथीची घे पाऊणपट, मग घरची धर रे वाट..."

पुतळी: मधली ओळ?

मास्तर: कुठली?

पुतळी: "वर तासाचा दर्याचा हट्ट." माझी सासू बोंबील वाळत घालताना म्हनायची. तिच्याकडूनच लिवून नेलंत ना?

मास्तर: तिच्याचकडून. भरती किती वाजता, ते तिथीवरून काढायचं गणित! मी सरकारी कोष्टक आणून ताडून पाहिलं होतं. मुंबईला नुसती पाऊणपट पुरते, आपल्याकडे पाणी तासभर उशिरा चढतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने विज्ञान तीन ओळींत बसवलेलं! म्हणून तर नाटक लिहिलं.

पुतळी: मंग मधली ओळ काढली कोनी?

मास्तर: संगीतकाराचं म्हणणं, चाल अडते. आणि मुंबईच्या समुद्राला तो तास लागतोय कुठे? पत्र आलं, मी होकार कळवला. एका ओळीसाठी सिनेमा अडवायचा? पडद्यावरचं गाणं ऐकून कोण भरती मोजतंय!

पुतळी: चंदरनं मोजली.

मास्तर: कोण चंदर?... आपला चंदर?

पुतळी: मला एकच हाय.

मास्तर: पण नाटकात नाखवा तोच झाला होता! तिन्ही ओळी खणखणीत म्हणायचा.

पुतळी: त्याला पाच वर्सं झाली. सिनेमा त्यानं ह्याच महिन्यात सात वेळा पायला. बाप गेल्यावर आता तोच तांडेल, सुकानू त्याच्या हातात. अष्टमीला सकाळी भरली होडी घेऊन परतत व्हता. आठाची पाऊणपट सहा. बरोबर सहाला खाडीच्या तोंडात शिरला. अष्टमीची भरती तशीबी कमीच, त्यात चढायला अजून तास बाकी. खडकावर हातभर पानी कमी पडलं.

मास्तर: अरे देवा! चंदर कुठे आहे?

पुतळी: इस्पितळात. होडी कलंडली तवा पाय खाली सापडला. गुडघ्याखाली कापला.

मास्तर: कापला? पुतळीबाई, काय बोलताय हे! तीन दिवस झाले... आणि मी तिकडे सिनेमाच्या सत्कारात गळ्यात हार घालून घेत होतो?

पुतळी: भिकू त्याच्यासंगं व्हता. म्हनतो, आदळंपर्यंत चंदर गातच व्हता.

मास्तर: नका, नका सांगू... मी विज्ञान शिकवतो हो. तीस वर्षं शिकवतोय. आणि तो तास मीच खोडला, माझ्या पेनने.

पुतळी: शिव्या द्यायलाच आली व्हती. दोन सासूच्या नावानं जास्तीच्या. आता तुमचं तोंड बगून देववत नाय.

मास्तर: द्या, द्या ना. मी आजच त्या लोकांना पत्र लिहितो. ओळ परत घाला म्हणून.

पुतळी: पडद्यावर ते गानं म्हननारी बाई तुमचं आयकंल? आजबी तंबूत खेळ हाय. तलासरीच्या बशीतला कंडक्टरबी तेच गातो. त्याचं काय जातं, त्याची बस खडकावर चढत नाय. पन आमची पोरं दर्यात जातात, मास्तर. त्यांना तिन्ही ओळी घोकवा. नाटक परत करा, नायतर रस्त्यात उभं राहून बोंबला. कायबी करा.

मास्तर: करतो. आजपासूनच करतो. तिन्ही ओळी आल्याशिवाय एकाला वर्गाबाहेर सोडणार नाही... होडीचं काय झालं?

पुतळी: खडकातच अडकलीय. उद्या बारस, पानी जरा जास्ती चढंल. तवा सगळे मिळून ओढनार.

मास्तर: मीही येतो दोराला हात लावायला. तेवढं तरी करू द्या. उद्या बारस... बाराची पाऊणपट नऊ. नऊला खाडीवर हजर राहतो.

पुतळी: नऊला तिथं कोनी नसंल, मास्तर.