मिठाची काच

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे वाफवाले काका, टेकडीवरच्या केंद्रातले सगळे सहकारी, आणि मागच्या रांगांत कोट न काढता बसलेली खालच्या वस्तीतली मंडळी,

मला आभार मानायला उभं केलंय. दोन मिनिटं दिलीत. पण माझी गाडी सरळ रस्त्यानं कधी गेलेली नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा अर्धी सोडली, मग बोटी रंगवल्या, मग चष्म्याच्या दुकानात दोन वर्षं काचा पुसल्या. तो दुकानदार मोठा गमत्या माणूस होता, पण ते राहू द्या. चष्म्याचं दुकान मात्र लक्षात ठेवा.

तिथून फिरत फिरत या टेकडीवर आलो. काकांनी पहिल्याच दिवशी यंत्र दाखवलं. म्हणाले, हे आकाशाकडं बघतं, पण उजेड बघत नाही, ऊब बघतं. हवेत वाफ जास्त असली की वरून ऊब जास्त येते. ती मोजली की डोक्यावर किती पाणी टांगलंय ते कळतं. मी म्हटलं, मग हे यंत्र म्हणजे आजीचा गुडघाच की. काका हसले नाहीत. यंत्राच्या झाकणाखालची खिडकी दाखवून म्हणाले, "ही काच नव्हे. साधी काच ही ऊब आत येऊ देत नाही. हे घासून पारदर्शक केलेलं मीठ आहे. झाकण उघडताना श्वास धरायचा."

बावीस वर्षं हा माणूस रोज सकाळी श्वास धरून झाकण उघडत आला. धूळ उडवायची ती रबरी फुग्यानं, तोंडानं कधीच नाही. तुमच्यापैकी कितीजण बावीस वर्षं एखादी गोष्ट श्वास धरून करतात?

मघाशी संचालक साहेब म्हणाले की, शेवटच्या वर्षातला तो एक हलगर्जीपणा आपण मोठ्या मनानं विसरून जाऊ. साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ते विसरण्याआधी, तो कुणाचा होता हे तरी ठरवायला नको का?

गेल्या वर्षी एका सकाळी खिडकीवर माशीची घाण चिकटली होती. फुग्यानं निघेना. काका दाताच्या डॉक्टरांकडं गेले होते. मी दुकानातल्या सवयीनं वाकलो, ‘हाऽ’ करून तोंडाची वाफ सोडली आणि रुमालानं पुसलं. लख्ख दिसलं. मीठच ते, ओल धरून बसलं. आत कुठंतरी धुरकट झालं आणि रोज थोडं थोडं पसरत गेलं. यंत्राला आकाश उबदार वाटायला लागलं. आकडे चढले. सात आठवड्यांत तीनदा वस्तीला अतिवृष्टीचा, दरडीचा इशारा गेला. तीनदा माणसं म्हातारी, जनावरं, गाठोडी घेऊन शाळेत जाऊन बसली. पाऊस भुरभुरलासुद्धा नाही.

मग काकांना बॅटरीच्या उजेडात बटणाएवढा पांढरा डाग सापडला. त्यांनी मला एकदाच विचारलं, "खिडकी पुसली होतीस का?"

मी म्हणालो, हात नाही लावला. खोटं नव्हतं. रुमाल होता.

काकांनी कार्यालयाला लिहून दिलं, "चूक माझी." नवी खिडकी बसली, आकडे खरे झाले. पण कार्यालयानं नियम केला की, या केंद्राचा आकडा दुसऱ्या केंद्राकडून खात्री झाल्याशिवाय धरायचा नाही.

चौथ्यांदा आकडा चढला तेव्हा मी शेजारीच होतो. एवढा आकडा बावीस वर्षांच्या वह्यांत नव्हता. काकांनी कार्यालयाला पाच फोन केले. तिकडून दर वेळी म्हणाले, खात्री होऊ द्या. सहावा फोन त्यांनी वस्तीत बहिणीला केला. फोन टेबलावर होता, आवाज मोठा होता, म्हणून मलाही ऐकू आलं. आक्का म्हणाल्या, "दादा, तुझ्या यंत्राला आणि तुला, दोघांनाही म्हातारपण लागलंय. तीनदा गाठोडं बांधलं, तीनदा सोडलं. आता माझ्यानं जिना उतरवत नाही. उद्या तूच चहाला ये."

त्याच दुपारी चारला पावसानं वस्तीवरचा उतार सुटला. अकरा माणसं गेली. नावं तुम्हाला पाठ आहेत.

तेव्हापासून वस्तीतलं कुणी काकांशी बोलत नाही. आज आलात, तेही हा माणूस जातो कसा ते बघायला, असं मघाशी दारात कुणीतरी म्हणालं. मागच्या रांगेतल्या मंडळींनो, बघायचंच असेल तर इकडं बघा. मी इथं उभा आहे.

आता आभार. अध्यक्षांचे, संचालक साहेबांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, आणि इतका वेळ मला न थांबवणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. हे पोटात घालण्यासारखं नाही.

काका, तुम्ही एकदा विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

हो. पुसली होती.