जुना माल पुढे

— अहो आता कसलं मॅडम, बाबा? इथे गोदामात आहे कोण ऐकायला? बसा. त्या खोक्यावर नको, त्यात काचेच्या बाटल्या आहेत — ह्या पालथ्या क्रेटवर बसा, मी पलीकडच्या क्रेटवर बसते, आणि हे घ्या, आधी पाणी प्या. घाम बघा किती आलाय. जाकीट काढा हवं तर. नाही काढायचं? बरं राहू दे, शोभतंय तसं तुम्हाला, खोटं नाही सांगत, बाह्या तेवढ्या लांब आहेत. कंपनीला वाटतं दुकानातल्या फळ्यांवर माल लावणारी सगळी माणसं एकाच मापाची असतात. पण मला आधी एक सांगा, घरून निघताना आईंना काय सांगून निघालात? चष्म्याची काडी बसवायला जातो! हो ना? वाटलंच मला. आणि इथे येऊन उमेदवारांच्या रांगेत गुपचूप शेवटी उभे! मी आपली एकेकाला नाव विचारत पुढे सरकतेय, मान वर करून बघते तर साक्षात माझे सासरे, हातात चष्म्याचं घर घेऊन. आणि वर काय? 'नमस्कार मॅडम, दुकानदारीचा अनुभव आहे.' हसू येत होतं, रडू येत होतं, आणि बाजूला ती कॉलेजची पोरगी उभी, तिच्यासमोर काय बोलणार? म्हटलं, 'बरं, जाकीट घाला, बिस्किटांच्या फळीपासून सुरुवात करा.' दुसरं काही सुचलंच नाही.

नाही, रागावले कुठे? उलट मला माणसं हवीच आहेत. तुम्हाला घरी दिसतं ते काय — सून जेवताना फोन बघते, सून झोपताना फोन बघते. आईंना तर वाटतं मी कुणाशी तरी गप्पा छाटत असते. अहो कसल्या गप्पा! ही अर्धवेळची माणसं जमवायची म्हणजे मुंग्यांना ओळीत उभं करण्यासारखं आहे. ग्रुपवर निरोप टाकला की 'उद्या सकाळी अमुक दुकानात कोण जाईल?' — लगेच सगळ्यांचे अंगठे. आणि अंगठा म्हणजे हो नाही बरं का. अंगठा म्हणजे 'वाचलं, आता पिच्छा सोडा.' सकाळी दुकानवाल्याचा फोन येतो, तुमचं कोणीच आलं नाही. मग मी एकेकाला फोन लावत बसते. एकाची मावशी आजारी, एकाची गाडी बंद, आणि एक तर म्हणाला, मला वाटलं बाकीचे अंगठे गेले असतील. एक होता, पहिल्याच दिवशी चहा प्यायला म्हणून गेला तो गेलाच, जाकीट ट्रॉलीवर टाकून. आणि ही कॉलेजवाली — कामाला चलाख आहे, पण फळी लावून झाली की फोटो पाठवायचा असतो ना, त्यात फळी कमी आणि हीच जास्त. मी म्हटलं, बयो, कंपनीला बिस्किटं बघायचीत, तुझे दात नाही. तर अशा लोकांत तुम्ही वेळेआधी हजर. मला किती बरं वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

आणि काम तर काय केलंत हो! मी लांबून बघत होते, त्या साबणांच्या आडून. एकाला एक खेटून पुडे बसवलेत, नावं सगळी समोर, एक रेघ इकडची तिकडे नाही. फक्त ती एक जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती ना, पुढच्या रांगेत — ती तुम्ही भरून टाकलीत. मी परत एक पुडा काढला, तुम्ही परत भरलीत! अहो, ती ठेवायची असते. सगळं असं गच्च नीटनेटकं दिसलं की लोक हात लावायला बिचकतात, एक पुडा गेलेला दिसला की म्हणतात, चला, कोणीतरी घेतलाय, आपणही घेऊ. हो, येडपटपणा आहे, मला ठाऊक आहे. पण असंच चालतं इथे. ते एवढं काही नाही, ते जमलं असतं.

ते दुसरं जे झालं ना, त्याचं सांगतेय मी. ती बाई आली, लेकरू कडेवर घेतलेली, तिने समोरचा पुडा उचलला. मर्चंडायझरने, म्हणजे आपण फळी लावणाऱ्यांनी, ग्राहकाशी बोलायचंच नसतं, बाबा, तो दुकानाच्या माणसांचा प्रांत. आपण फळी लावायची आणि बाजूला व्हायचं. आणि तुम्ही काय केलंत? तिच्या हातातला पुडा घेतलात काढून! 'बाळा, हा नको, जुना आहे, मागचा देतो' — आणि कोपरापर्यंत हात घातलात मागे, पुढची सगळी रांग धाडधाड खाली. अहो, मागचा नवा असतो हे मलाही कळतं! म्हणून तर तो मागे असतो! जुना माल पुढे, नवा मागे, हा तर आमचा पहिला धडा, तोच मी सकाळी सगळ्यांना शिकवला, तुम्ही मान डोलावलीत. जुना म्हणजे काय किडका नव्हे. तारीख जवळ आलेली, एवढंच. तो आधी गेला नाही तर पडून राहतो, मग फेकावा लागतो. बरोबर ना? तुमच्या दुकानातही पडून राहत असेलच की. काय करायचात तुम्ही त्याचं?

हं. ते माहीत आहे मला. कशाला विचारलं मीही.

तर ते सगळं ह्या दुकानाच्या मॅनेजरनी, त्या टायवाल्या साहेबांनी, वर कॅमेऱ्यात बघितलं. खाली आले, मला बाजूला घेतलं. 'हा म्हातारा कोण?' — त्यांचे शब्द, माझे नाहीत — 'गिऱ्हाइकाच्या हातातून माल ओढतो, उद्यापासून माझ्या दुकानात दिसता कामा नये.' आणि मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, 'उमेदवार आहेत सर, नवीन आहेत, परत पाठवते.' उमेदवार! तोंडातून निघून गेलं. नियम आहे हो, घरचं माणूस आपल्या हाताखाली घ्यायचं नाही. कळलं तर तुमचं राहू दे, माझंच जाकीट उतरवतील. म्हणून बोलले. पण बोलून झाल्यावर मला कसंतरीच झालं, बाबा. पाणी संपलं का? आणखी आणू?

बरं, ऐका, अजून सगळं हातातून गेलेलं नाही. मी त्यांना पटवते. टायवाले साहेब वाईट नाहीत, सकाळी डबा उघडेपर्यंत जरा चिडके असतात. मी म्हणते, उमेदवाराची चूक झाली, मी समज दिली, पुन्हा होणार नाही. आणि कंपनीत आपलं नातं सांगायचं नाही, मॅडम म्हणताय तसंच म्हणत राहायचं, महिन्याभराने मी तुम्हाला दुसऱ्या सुपरवायझरकडे देते — आमच्यातलीच आहे, चांगली आहे, बडबडी आहे जरा. माझ्यापेक्षा? नाही हो, माझ्यापेक्षा कुठली. तर तुम्ही फक्त एकदा म्हणा, की मी जुना माल पुढे लावीन आणि कोणी पुढचा उचलला तर गप्प बसेन. बस. एवढंच. म्हणा.

म्हणा ना, बाबा.

असं खाली बघू नका. तुम्ही असे गप्प बसलात की मला आपलं घर आठवतं. आपलं घराखालचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही हेच करताय. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसता — आणि कुठे जायचं नसतं. स्वयंपाकघरातले सगळे डबे तुम्ही उंचीने लावून ठेवलेत, चिठ्ठ्या समोर करून, आईंना मीठ सापडत नाही, त्या ओरडतात, मी हसते. पण परवा मी साखर घ्यायला आत आले आणि तुम्ही ओट्याजवळ उभे होतात, आणि मला म्हणालात, 'काय देऊ?' आठवतंय? तुमच्या लक्षातही आलं नसेल. मी साखर घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुमच्या मुलाला सांगितलं, तर ते म्हणाले, आराम करू दे की त्यांना, आयुष्यभर राबलेत. आराम! अहो, ज्या माणसाचं एकही जेवण कधी पुरतं झालं नाही! मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, माझ्या हातचं आवडत नाही म्हणून हे अर्ध्यावर उठतात. मग कळलं, खालून दुकानातून हाक आली की हात धुवून निघालेच — 'गिऱ्हाईक थांबलंय' — आणि ताट झाकून ठेवायचं. आता ताट पूर्ण होतं. आणि तुम्ही त्या रिकाम्या ताटाकडे बघत बसता. मला नाही बघवत ते.

आणि जुन्या मालाचं विचारलं ना मी मघाशी — मूर्खासारखं विचारलं. मऊ पडलेली बिस्किटं कोण खायचं घरात? तुम्हीच. चहात बुडवली की सगळी सारखीच, म्हणायचात. मी माहेरी निघाले की पिशवी भरून द्यायचात, त्यात एक पुडा कधी जुना निघाला नाही. माझी आई अजून सांगते. आणि आज मी तुम्हाला समोर बसवून शिकवतेय, जुना पुढे, नवा मागे, आणि गप्प बसायचं. वा गं सुपरवायझर! पण काय करू, हेच काम आहे, बाबा, ह्यावरच माझं घर चालतं, आणि तुम्हाला इथे आणायला मी काय काय केलंय — वयाची अट काढा म्हणून कंपनीच्या मागे लागले, त्या पोस्टातल्या काकांना तर चांगलं दोनदा बजावलं होतं की नीट समजावून सांगा, ग्राहकांशी बोलायचं नसतं म्हणून, पण ते बाकावर बसून दुसरंच काहीतरी —

काय? कुठले काका? कोणी नाही. असंच आपलं.

बरं. हो. तुमचेच पोस्टातले काका, बागेत रोज तुमच्याशेजारी बाकावर बसतात ते. 'आपल्या वयाच्या माणसांनाही घेतायत' हे त्यांना मीच सांगायला लावलं. आईंनाही माहीत आहे. चष्म्याची काडी आईंनीच सैल केली, बाहेर पडायला निमित्त हवं म्हणून. झालं, आता सगळंच सांगितलं मी, माझ्या तोंडाला काही कुलूप नाही. पण दया बिया नव्हती हो ती! तसं नका समजू. मला खरंच माणूस हवा होता, आणि सगळ्या ग्रुपमध्ये तुमच्यासारखा एक नाही — अहो उठताय कशाला? बाबा, रागावलात? जाकीट का काढताय, मी काढा म्हटलं ते घामामुळे म्हटलं होतं. ओरडा माझ्यावर हवं तर. अशी घडी नका घालू त्याची, विकायला ठेवल्यासारखी. कुठे जाल आता, बागेत? काकांशी भांडायला? बाबा —

कोण आहे? या ना, सर. दार उघडंच आहे. हो, आहेत अजून, निघतच होते, मी — काय म्हणालात? कोण बाई? मघाचीच, लेकरू घेतलेली? परत आली? बिस्किटं बदलून हवीत का तिला? नाही? मग काय मागतेय? … 'ते मागचा पुडा देणारे काका कुठेत'? लहान बाळाच्या दुधाच्या पावडरचे दोन डबे हातात घेऊन उभी आहे, आणि तुमच्या माणसांना विचारायला तयार नाही. ह्यातला ताजा कुठला ते मला काकांनाच विचारायचंय, म्हणते. बरं. बरं. मग तुम्ही माझ्याकडे असे का बघताय? पाठवू म्हणता? आत्तापुरतं? नाही सर, आत्तापुरतं कसं. मी तुम्हाला मघाशी अर्धंच सांगितलं. उमेदवार आहेत, ते खरंच आहे. पण माझे सासरे आहेत ते. सख्खे. हो, नियम पाठ आहे मला, मीच सगळ्यांना वाचून दाखवते. वर कळवायचं तर कळवा, माझ्या नावाने कळवा, मी नाही कुठे पळून जात. पण ते मागाहून, सर. त्या बाईला तिथे किती वेळ उभं ठेवणार?

बाबा, ते जाकीट द्या इकडे. हात घाला. दुसरा. बाह्या मी दुमडते, थांबा, हं, झालं. डबा मागचा द्यायचा तर मागचा द्या, रांग पडली तर पडू दे, मी लावीन पुन्हा. माझ्याकडे काय बघताय? जा ना.

गिऱ्हाईक थांबलंय.