निजेचा चकवा

ऐका. आणि कोपऱ्यातल्या, जांभई देऊ नकोस. गोष्ट झोपेचीच आहे.

आपल्या खालच्या आळीचा तुळशीराम भिसे. सूतगिरणीत कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळी करून आला की झोपणार कुठं? वर पत्रा तापलेला, शेजारी पिठाची चक्की. बायको मैना खिडकीला पोतं लावायची, पोरांना रानात पिटाळायची. तरी डोळ्याला डोळा नाही! टाळूला तेल चोळलं, भगताचा ताईत बांधला. कामावर चहावर चहा. अन्नावरची वासनाच उडाली. एकदा पोराला उगाच मारलं, आणि मग स्वतःच रडत बसला.

एक दिवस बदली माणूस आला नाही. सलग दोन पाळ्या! सकाळी आठला लागलेला, तो रात्री बाराला सुटला. फाटकावरचा हुसेनचाचा म्हणाला, "तुळशा, कापसाच्या गाठीवर घटकाभर पड. असा जाऊ नको."

"नको चाचा. घरीच पडतो."

सायकल काढली. आणि लवकर पोचायला वळला कुठं? माळावरच्या आडवाटेला!

एक वाकडी बाभूळ गेली. थोड्या वेळानं परत तीच बाभूळ. परत तीच! चकवा लागला, बाबांनो. तुळशीरामला कळलं, पण पाय थांबेनात. मग मागून मैनेचा आवाज, अगदी कानाशी. "अहो, अंथरूण घातलंय."

वळून बघतो तर बाज! बाजेवर मऊ गोधडी. उशाशी एक बाई पाठमोरी बसून गोधडी थोपटतेय. हळू... हळू... तिनं तोंड फिरवलं. तोंडच नव्हतं!

तुम्ही पळाला असता. तो? तो गोधडीकडंच बघत होता. सायकल टाकली, चपला काढल्या. एक पाय उचलला...

तेवढ्यात मागून कॉलरला हिसका! शेजारच्या वावरात मेंढरं बसवलेला बिरू धनगर. काठीच्या आकड्यानं त्याला मागं ओढलं. पुढं बाज नाही, गोधडी नाही. बिनकठड्याची विहीर, चाळीस हात खोल!

तुळशीराम त्याच्या हाताला चावला की! "सोड मला! मला निजू दे रं!" म्हणत लहान पोरासारखा रडला. बिरूनं त्याला घोंगड्यात गुंडाळलं आणि दिवस उगवेतो धरून बसला. तुळशीराम तिथंच निजला, दुपारपर्यंत हलला नाही.

आता तो रातपाळीनंतर गिरणीतच झोप काढतो, मगच निघतो. पण मैना सांगते, अजून झोपेत त्याचा एक पाय उचलला जातो.

त्या वाटेला जाऊ नका. आणि झोपमोड झालेली असेल, तर अजिबातच जाऊ नका. झोप झालेला माणूस भुताला भितो तरी. निजेचा भुकेला माणूस भीत नाही.