औषधाचा चमचा

परळच्या इस्पितळात व्यायामाच्या खोलीबाहेर बसलेल्या अनसूयाबाईंच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं आलं.

“काय गो वच्छे, सगळ्या अंगदुखीवर डॉक्टरनं काय दिलं?”

“काय नाय. फायब्रोमायल्जिया म्हणे. रक्तात सूज दिसत नाय, रोज चाला, शेक घ्या.”

“सासू सोडते चालायला?”

“कसली! ‘औषध नाय तर आजार कसला? खानावळीच्या चपात्या लाट,’ म्हणाली.”

“मग?”

“बाटलीत कोकमाचं सरबत भरलं. तिच्यासमोर चमचाभर पिते, ‘यावर चालायचं असतं’ सांगते नि निघते.”

“कळलं तर?”

“काल तीच म्हणाली, माझेपण गुडघे धरलेत, मलापण दे चमचाभर.”

“दिलंस?”

“दिलं की. आता दोघी चालतो.”

“नि चपात्या?”

“तिचा लेक लाटतो. गिरणीच्या संपापासून घरीच बसला होता ना!”