नाव टाकलेली हातोडी

तुमाले आमच्या कळंबच्या भाऊजीचं सांगतलं का? शेजारी अवजार नेते अन् वापस देत नाही, म्हणून त्यायनं आपण भांड्यावर टाकतो तसं पाना, हातोडी, पेचकस, सगळ्यावर सोताचं नाव टाकून आणलं. तरी हातोडी गेलीच. मंग लोखंडी पेटी घेतली अन् उरलेलं सामान कुलपात ठेवलं.

परवा पेटीची चाबी हरवली. कुलूप तोडाले भाऊजी शेजारच्या नामदेवकाकाकडे हातोडी मांगाले गेले. काकानं हातोडी आणून दिली. तिच्यावर भाऊजीचंच नाव.

"काका, हे तं माही हाये. वापस काहून नाही केली?"

काका म्हणे, "केली असती तं आज कुठं असती?"

"पेटीत."

"मंग?"

भाऊजीनं कुलूप तोडलं अन् हातोडी काकाच्याच घरी ठेवून आले.